शुद्धिपत्रक

"किती म्हणालात?"

"आठ, सर."

देवतळे साहेब खुर्चीतून उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर निविदा भरणाऱ्यांची आठ नावं होती. त्यातली तीन ओळखीची, गावातलीच. बाकीची नागपूर, वर्धा, अमरावतीकडची, आणि एक तर थेट नाशिकचं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि नावं पुन्हा वाचली.

"काही बदललं होतं का तुम्ही?"

"काही नाही, सर. शीर्षकात एक स्पेलिंग चुकलं होतं. तेवढं नीट केलं."

मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"बरं केलं," ते म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. पाण्याची भरलेली बाटली त्यांच्या टेबलावरच होती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वैजयंती गजभिये, धामणपेठ नगर परिषदेत लिपिक. त्याआधीची नऊ वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली होती. नगर परिषदेची खरेदी त्याच्या तीन वर्षं आधी संगणकावर गेली होती. म्हणजे पूर्वी पेटीत बंद लिफाफे पडायचे, आता निविदा सरकारी संकेतस्थळावर टाकायची आणि ज्याला भाव द्यायचा असेल त्यानं घरबसल्या द्यायचा. हे काम करणारे कंत्राटी ऑपरेटर नोकरी सोडून पुण्याला गेले, तेव्हा देवतळे साहेबांनी त्या टेबलासाठी माझं नाव मागून घेतलं. साहेब पाणीपुरवठ्याचे अभियंता, सगळ्या खरेदीचं कामही त्यांच्याकडंच. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. माझी आई नागपूरला दवाखान्यात होती, तेव्हा दोनदा त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. त्यामुळं त्यांनी मागितलं म्हटल्यावर मी आनंदानं गेले.

ऑफिसात मला 'स्पेलिंगवाल्या मॅडम' म्हणायचे. माझे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात मीठ कमी पडलेलं चालायचं, पण चुकलेलं अक्षर नाही. पावतीवर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, कुठंही चूक दिसली की बाबा थांबायचे आणि आम्हालाही थांबवायचे. तीच खोड मला लागली.

नव्या टेबलावरचं माझं पहिलंच काम होतं ब्लीचिंग पावडरच्या पुरवठ्याचं. नदीचं पाणी टाकीत येतं, त्यात ही पावडर घालून मग ते गावाला सोडतात. वर्षभराची पावडर एकदम ठरते. निविदेचं शीर्षक साहेबांनी स्वतः हातानं लिहून दिलं होतं. इंग्रजीत, कारण संकेतस्थळावर शीर्षक इंग्रजीत टाकायची आमच्याकडं रीत होती. अक्षर मोत्यासारखं. फक्त 'ब्लीचिंग' या शब्दात 'ई'नंतर 'ए' हवा, तिथं दुसरा 'ई' पडला होता. मी 'ए' टाकला. विचारण्यासारखं त्यात काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी मोटघरे आले. नगर परिषदेला लागणारं निम्मं सामान त्यांच्याच गोदामातून यायचं. त्या तीन ओळखीच्या नावांपैकी एक त्यांचं, एक त्यांच्या साळ्याचं. साहेबांच्या केबिनमध्ये ते अर्धा तास बसले. बाहेर आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबले.

"मॅडम, तुमचं इंग्रजी लय फाईन आहे म्हणतात."

"ठीक आहे, भाऊ. कामापुरतं."

"कामापुरतंच असू द्या न," ते हसून म्हणाले आणि गेले. ते हसणं मला कळलं नाही.

चार दिवसांनी निविदा रद्द झाली. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय कारणास्तव'. अजून कुणाचे भाव उघडलेही नव्हते. लगेच फेरनिविदेचा कागद माझ्यासमोर आला. तेच मोत्यासारखं अक्षर, आणि 'ब्लीचिंग'मध्ये पुन्हा दोन 'ई'.

"सर, इथं 'ए' पाहिजे."

"जसं आहे तसं टाका."

"पण सर, चुकीचं..."

"गजभिये मॅडम." साहेबांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "या मजकुराला मंजुरी घेतलेली असते. मंजूर मजकुरातलं अक्षर तुम्हा-आम्हाला बदलता येत नाही. मागची निविदा रद्द करावी लागली ती त्याच्यामुळंच."

मला लाज वाटली. माझ्या शहाणपणामुळं आठ लोकांची मेहनत वाया गेली, असंच मी धरून चालले. मी दोन 'ई' टाकले, साहेबांची डिजिटल सही जोडली आणि निविदा प्रसिद्ध केली.

तिथंच हे संपलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचं एक पत्र टाईप करायला दिलं. चार पानी, इंग्रजीत, हातानं लिहिलेलं. गाळ बसवण्याची टाकी, जलाशय, यांच्यासाठीचे एकेक जिभेला वळसे घालणारे शब्द त्यात होते आणि एकही चुकला नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना दाद देत होते. तिसऱ्या पानावर माझी बोटं थांबली.

तिथं 'ब्लीचिंग' होतं. 'ए'सकट.

मी ते पत्र पूर्ण केलं, पण डोक्यात तो 'ए' राहिला. एका कागदावर येतो, दुसऱ्यावर येत नाही, असं कसं? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तीन वर्षांच्या निविदांच्या फायली काढल्या. कुणावर संशय म्हणून नाही. खरं सांगते, मला नुसतं बघायचं होतं. बाबांनी लावलेली खोड.

बावीस फायली निघाल्या. प्रत्येकीत साहेबांच्या हातचा शीर्षकाचा मूळ कागद नीट लावून ठेवलेला. रस्त्यावरच्या दिव्यांची निविदा होती, त्यात 'लाइट'मधला 'जी' गायब. सिमेंटच्या रस्त्याची होती, त्यात 'काँक्रीट' 'के'नं सुरू झालेलं. नळाचे पाइप 'आय'ऐवजी 'वाय' घेऊन बसले होते. शाळेच्या बाकांचं तर काय झालं होतं ते वाचवत नव्हतं. आणि त्याच शीर्षकांत 'अटी व शर्तींनुसार'साठीचे लांबलचक इंग्रजी शब्द मात्र बिनचूक.

बाबा म्हणायचे, चूक जागा बघून बसत नाही, ती कुठंही बसते. इथं ती प्रत्येक वेळी जागा बघून बसली होती. एका शीर्षकात एकच चूक, आणि तीही ज्या वस्तूची खरेदी आहे नेमक्या तिच्याच नावात.

एवढं दिसलं, पण त्याचा उपयोग काय ते माझ्या लक्षात येईना. वाचणारा माणूस काय, दोन 'ई' असले तरी ब्लीचिंगच वाचणार. चूक मुद्दाम करायची तर त्यातून कुणाचं काय साधतं? मी फायली जागच्या जागी ठेवल्या आणि दोन दिवस डोकं खाजवत राहिले.

गुरुवारी सकाळी साडेअकराला एक बाई आल्या. पस्तीसेक वय, डोक्यावर ओढणी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. एप्रिलच्या उन्हातून बसस्टँडवरून पायी आल्या होत्या.

"मी नजमा काझी, वर्ध्याहून आले. आमचा केमिकलचा पुरवठा आहे. ट्रक आमचे हे बघतात, कॉम्प्युटर मी बघते. तुमची ब्लीचिंगची निविदा भरली होती, ती रद्द झाली."

मी त्यांना पाणी दिलं. "हो, प्रशासकीय कारण होतं."

"होऊ द्या, रद्द होतात. मी एवढंच विचारायला आले की परत कधी काढणार? मी रोज सकाळी चहाच्या आधी बघते. काही दिसूनच नाही राहिलं."

"काढली की. फेरनिविदा निघून दहा दिवस झाले. सोमवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "नाही निघाली, मॅडम."

"अहो, मीच टाकली आहे."

"मी कालही बघितलं, आजही गाडीत बसून बघितलं." त्यांनी लॅपटॉप काढला आणि माझ्याच टेबलावर उघडला. "हे पहा. राज्यात नगरपालिका दोन-अडीचशे. एकेकीचं पान उघडत कोण बसणार? आणि पेपरात तर नुसतं येते, 'विविध साहित्याचा पुरवठा, तपशील संकेतस्थळावर'. म्हणून मी आपला शब्द टाकते, ब्लीचिंग. ज्याच्या ज्याच्या नावात हा शब्द आहे, तेवढ्या निविदा समोर येतात. बघा."

त्यांनी शब्द टाकला. 'ए'सकट. चौदा गावांची नावं आली. धामणपेठ नव्हतं.

"तीन वर्षं झाली मला या धंद्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावाचं नाव मी पहिल्यांदा मागच्या महिन्यात पाहिलं. मी यांना म्हटलंसुद्धा, हे गाव आजवर काय बिनपावडरचं पाणी पिऊन राहिलं होतं का?"

"जरा इकडं द्या," मी म्हणाले. मी त्यांचा लॅपटॉप ओढून घेतला, शोधायच्या चौकटीतला शब्द पुसला आणि पुन्हा टाईप केला. या वेळी दोन 'ई'.

एकच निविदा आली. धामणपेठ नगर परिषद. सोमवार, संध्याकाळी पाच.

नजमाताईंनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या शिकलेल्या बाई होत्या. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याला चुकीचं स्पेलिंग आधीच सांगितलेलं आहे, त्यालाच ही निविदा सापडणार. बाकीच्या जगाला ती समोर असून दिसणार नाही.

"माणूस चुकीचं वाचून घेतो," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन नाही घेत."

मग त्यांनी विचारलं, "सध्या कोणती पावडर वापरता तुम्ही? बघायला मिळेल?"

भांडार आमच्या खोलीच्या मागंच होतं. मी किल्ली घेतली. पोती भिंतीशी रचलेली होती. नजमाताईंनी एका उघड्या पोत्यातून चिमूटभर पावडर घेतली, बोटांवर चोळली, नाकाजवळ नेली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही घ्या वास."

मी घेतला. नव्यानं चुना मारलेल्या खोलीत येतो तसा वास होता.

"काय वाटलं?"

"काही नाही."

"काही नाही, तेच म्हणते मी. चांगल्या पावडरीचं पोतं उघडलं न मॅडम, तर दारातून डोळे झोंबतात. ही पावडर एकतर जुनी होऊन मेलेली, नाहीतर पहिल्यापासून चुनाच." त्यांनी ओढणीला हात पुसले.

मला माझी जुनी खिडकी आठवली. आदल्या वर्षी श्रावणात बुधवारी पेठेत कावीळ पसरली होती. त्या दीड महिन्यात मी मृत्यूच्या पाच नोंदी केल्या होत्या. डॉक्टरांच्या कागदावर कारण होतं, कावीळ. त्यातल्या दोन मुली होत्या, एक चार वर्षांची, एक सहा. सहा वर्षांच्या मुलीचा बाप नाव सांगताना अडखळला होता आणि मी त्याला म्हणाले होते, नीट सांगा, स्पेलिंग चुकलं तर पुढं त्रास होतो. पावडरीमुळंच ते झालं, असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. ते सिद्ध करणं माझं काम नाही. पण त्या भांडारात उभं राहून मला दुसरं काही आठवेना.

"तुम्ही काय करणार?" नजमाताईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मी तर आता भरूनच टाकते. मला सापडली आहे."

"तुम्हाला सापडली," मी म्हणाले. "बाकीच्यांना?"

त्या गेल्यावर मी नियमांचं पुस्तक काढून बसले. प्रसिद्ध झालेल्या निविदेत चूक राहिली तर काय करायचं, ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शुद्धिपत्रक काढायचं. पूर्वी अमुक छापलं होतं, ते आता तमुक वाचावं. आणि बदल महत्त्वाचा असेल तर मुदत वाढवायची. मुदत संपायच्या आत मात्र काढायला हवं. शनिवार सुट्टीचा दुसरा शनिवार होता, त्यामुळं हातात गुरुवारची दुपार, शुक्रवार आणि सोमवार होता.

मी टिपणी लिहिली. कुणावर आरोप नाही, मोटघऱ्यांचं नाव नाही, बावीस फायलींचा उल्लेख नाही. एवढंच लिहिलं, की शीर्षकातील एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असल्यानं संकेतस्थळावर शोध घेणाऱ्यांना निविदा दिसत नाही, तरी शुद्धिपत्रक काढून दहा दिवस मुदत वाढवण्यास मान्यता मिळावी. सोबत शुद्धिपत्रकाचा इंग्रजी मसुदा जोडला. चार वाजता ते घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी वाचलं. कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"बसा."

मी बसले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही, सर. मी शोधून पाहिलं. मग फायली पाहिल्या."

"किती?"

"बावीस."

त्यांनी मान हलवली, जणू आकडा बरोबर होता. "लिफाफ्याच्या काळात काय होतं माहीत आहे? ही माणसं गेटवर उभी राहायची. बाहेरचा कोणी लिफाफा टाकायला आला की त्याला चहा पाजून परत पाठवायची. नाही ऐकलं तर दुसरं काही पाजायची. मी दोनदा पोलिसांत तक्रार दिली, मॅडम. दोनदा माझी बदली झाली. मग संगणक आला. मला वाटलं, सुटलो. आता गेटच नाही. तर एक दिवस हे लोक माझ्या घरी आले. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. म्हणाले, साहेब, जास्त काही नाही, एक अक्षर."

"आणि तुम्ही दिलं?"

"एक अक्षर," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कुणाला फाशी देणार तुम्ही?"

मी त्या उलट्या ठेवलेल्या कागदाकडं पाहिलं.

"आठ महिने राहिले माझे. टिपणी फाईलला लागली की प्रश्न उठतील. तुम्हालाही उठतील. फेरनिविदा कुणाच्या लॉगिननं गेली? दोन 'ई' कुणी टाईप केले?"

"मी केले, सर."

"मग?"

"मग मी तेच सांगीन. मी केले म्हणून."

केबिनमधला कूलर घरघरत होता. त्यांनी कागद पुन्हा सरळ केला, पण पेन उचललं नाही.

"मी यावर काही लिहिणारच नाही. पडू द्या इथं. सोमवार जाईल."

"सर, मग मी आवक-जावक नोंदवहीत टिपणी दिल्याची वेळ लिहिते. चार वाजून दहा मिनिटं." मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. "नाहीतर तुम्ही नकार लिहून द्या. स्पेलिंग सुधारू नये, असं लिहा. खाली कारण लिहा. मी गप्प बसते."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. एखादी वस्तू आपल्याच घरात इतकी वर्षं होती आणि आज दिसली, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मला त्यांच्या पाठवलेल्या गाडीची आठवण झाली, आईची झाली, आणि उठून जावंसं वाटलं. तरी मी बसून राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन उचललं. टिपणी बाजूला केली आणि मसुदा ओढला. वरच्या इंग्रजी मथळ्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"'कॉरिजेंडम'मध्ये दोन 'आर' असतात," ते म्हणाले. "तुम्ही एकच टाकला आहे."

त्यांनी राहिलेला 'आर' वरच्या बाजूनं बारीक अक्षरात घातला. मग दोन्ही कागदांवर सही केली, आणि खाली तारीख आणि वेळही लिहिली.

मुख्याधिकारी परतेकी मॅडम धामणपेठला येऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी टिपणी उभ्यानंच वाचली. "स्पेलिंगच न? करा दुरुस्त. पण त्याच्यासाठी दहा दिवस मुदत कशाला?"

"मॅडम, तुमच्या संगणकावर हा शब्द टाकून बघता का? आधी बरोबर टाका. मग आम्ही टाकला तसा."

त्यांनी दोन्ही करून पाहिलं. मग खुर्चीत बसल्या. "आणखी आहेत का असे?"

शुद्धिपत्रक त्याच संध्याकाळी सहा वाजता संकेतस्थळावर लागलं.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. परतेकी मॅडमनी बावीस फायली आपल्या कपाटात ठेवल्या आणि वर कळवलं. चौकशी दीड वर्ष चालली. मोटघऱ्यांचं नाव कुठंच लागलं नाही, कारण अक्षरं त्यांची नव्हती. देवतळे साहेब ठरल्या दिवशी निवृत्त झाले, पण त्यांचं निवृत्तिवेतन बरेच दिवस अडकलं आणि पुढं त्यात कपात झाली. मला विचारलं गेलं, फेरनिविदा कुणी टाईप केली. मी म्हणाले, मी. माझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. ती आजही तिथं आहे.

साहेब मला त्यानंतर एकदाच भेटले, नागपूरला, डोळ्यांच्या दवाखान्यात. त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती. आईची चौकशी केली. मी न राहवून विचारलंच, "सर, ते मूळ कागद तुम्ही फायलींत का ठेवलेत? फाडले असते तर काहीच सिद्ध झालं नसतं. आणि त्या टेबलासाठी माझंच नाव का मागितलंत? मी चूक सोडत नाही, हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं."

ते थोडं हसले. "टाईपिंग चांगलं होतं तुमचं," म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि त्यांची मुलगी त्यांना हात धरून घेऊन गेली. खरं उत्तर तेच होतं की दुसरं काही, याचा विचार मी अजून करते. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

पण त्या सगळ्यातला मला जो दिवस आठवतो, तो निविदा उघडल्याचा. वाढलेली मुदत संपल्यावर अकरा जणांनी भाव भरलेले होते. नियमाप्रमाणं ज्याला यायचं त्याला उघडताना हजर राहता येतं, आणि नजमाताई आल्या होत्या. या वेळी त्यांचे पतीही सोबत होते. ट्रक चालवणारा, अबोल माणूस, हातात जेवणाचा डबा. परतेकी मॅडमनी प्रत्येकाच्या पावडरीचे नमुने आधीच तपासून आणले होते, त्यात तिघं बाद झाले. कोण ते सांगायला नको. उरलेल्या आठांचे भाव एकेक करून पडद्यावर आले. काम नागपूरच्या एका पुरवठादाराला गेलं.

मला नजमाताईंकडं बघवेना. एवढ्या उन्हातून त्या पायी आल्या होत्या, त्यांच्यामुळं हे सगळं उघडं पडलं होतं, आणि त्यांच्या हाती काहीच आलं नव्हतं.

त्या मात्र पडद्याजवळ गेल्या. बोटानं यादी मोजत खाली आल्या, आपल्या नावापाशी थांबल्या, आणि वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बघा न. चौथा नंबर आला आपला."

नवऱ्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे मिळालं का?"

"नाही मिळालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडं बघत राहिली. "आपला भाव त्यांच्यापेक्षा जास्त होता, म्हणून नाही मिळालं."